पांढरी, काळतोंडी आणि डावखुरी शिवण

कोर्नेया, बार्सेलोना
३ मार्च २०१४

लेओकादिया वन्सं,

फोनवर तुम्हाला एक सांगावं तर दुसरंच ऐकू येतं. मी म्हटलं नोटरीकडे जाऊन आले, तुम्ही म्हणालात नाताळ अजून लांब आहे. म्हणून लिहिते. अक्षराला हसू नका. शाळेत ननबाईंनी माझा डावा हात खुर्चीला बांधून ठेवला होता. दोन वर्षांनी मी हात सोडवला आणि शाळाही.

तर तुमच्या भावाचं मृत्युपत्र. फ्लॅट मला, गॅरेज मला, भांडीकुंडी मला. आणि मग एक ओळ, नोटरीने चष्मा सारखा करून दोनदा वाचली: "माझी स्पोर्ट माझी थोरली बहीण लेओकादिया हिला द्यावी."

नवरा म्हणून एकोणपन्नास वर्षं ज्याचे मोजे धुतले तो माणूस जाताना बहिणीला गाडी देऊन गेला. असू दे. पण कोणती? गॅरेजमध्ये दोन उभ्या आहेत. पांढरी, बहात्तर सालची, एकशे चोवीस नंबरचं मॉडेल. तिच्या ढुंगणावर लिहिलंय स्पोर्ट. आणि पिवळी, जिला अख्खी दुनिया बोकानेग्रा म्हणते, माझ्या भाषेत काळतोंडी, पुढून काळ्या प्लॅस्टिकचं थोबाड असलेली. तिच्याही ढुंगणावर स्पोर्ट. दोघी दोन दारांच्या, दोघी आमच्याच मोटार कारखान्यात जन्मलेल्या. अन्सेल्मो कधी एकीला स्पोर्ट म्हणायचा, कधी दुसरीला, आणि रागावला की दोघींना 'ती'.

नोटरी म्हणतो, बायकांनी आपसात ठरवा. म्हणजे भांडा.

मी भांडत नाही, विचारते. वन्सं, तो तुमच्याशी काही बोलला होता का? गेल्या वर्षी तो एकटाच तुमच्या गावी चार दिवस येऊन राहिला. मला म्हणाला, ऑलिव्हची झाडं बघायला जातो. झाडं त्याच्या बापाची होती तेव्हा बघितली नाहीत त्याने, विकून टाकली. त्याच पैशांत ही पांढरी आली. मग परक्याची झाडं बघायला चार दिवस?

फर्मिना

*

ला मोरालेदा, हाएन
१९ मार्च २०१४

फर्मिना,

पत्र मिळालं. मला पांढरी दे. अन्सेल्मो पांढरीबद्दलच बोलत असणार, घरात ती पहिली आली. पिवळी तुझी, ती तर तूच चालवायचीस.

मला काही ती चालवायची नाही. या वयात कुठे जाणार. गोठ्यात उभी करीन, भावाची आठवण म्हणून. इथला एक जण ट्रक घेऊन तिकडे येतो, त्याच्याबरोबर पाठव. जशी आहे तशीच पाठव. धुऊ नकोस, झाडू नकोस, आतल्या सीटा काढून उन्हात टाकू नकोस. तुला सवय आहे म्हणून सांगते.

तो आला तेव्हा आम्ही लहानपणच्या गोष्टी केल्या. पावाच्या चुऱ्याचे मिगास खाल्ले. दुसरं काही नाही.

लेओकादिया

*

कोर्नेया
२ एप्रिल २०१४

वन्सं,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यात माझ्यासाठी प्रेम कुठे आहे ते शोधत होते, तर सीट उन्हात टाकू नकोस एवढंच सापडलं.

मी पण हात बांधून बसले नाही. नातीने एका माणसाला बोलावलं, बाल्तासार म्हणतात त्याला, जुन्या गाड्या जमवणाऱ्यांच्या मंडळाचा चिटणीस. त्याला त्यांच्या पत्रिकेत लिहायचं होतं, दोन स्पोर्टपैकी जमवणाऱ्याने कोणती घ्यावी. पांढरे मोजे घालून आला आणि गॅरेजच्या तेलात गुडघे टेकून बसला. मला बरा वाटला.

तो म्हणतो, पांढरी म्हणजे साहेब. सोळाशेचं इंजिन, पाच गिअर, चारी चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकांनी ढकलत जाते, सरळ रस्त्यावर तिच्या वाटेला जाऊ नये. पिवळी म्हणजे उनाड पोरगी. बाराशेचं इंजिन, पुढची चाकं ओढतात, वळणावर पांढरीला खिशात घालते. पण गंजाने तिच्या बहिणी मेल्या, म्हणून राहिलेलीला मागणी. काळ्या थोबाडाला ऊन लागलं की ते राखेसारखं पांढुरकं होतं. अन्सेल्मो त्याला ऑलिव्हचं तेल चोळायचा हे सांगितल्यावर बाल्तासार डोळे मिटून म्हणाला, "बाई, हे कुणाला सांगू नका."

मी म्हटलं, निवाडा करा. तो म्हणाला, "धावायला पांढरी, बघायला पिवळी. माझ्याकडे एकीचीच जागा असती तर पिवळी."

मग वन्सं, तुम्ही पांढरीच का मागता? ज्या बाईने आमच्या लग्नात वाढलेल्या तुरोन मिठाईचे तुकडे मोजले, ती एवढी साधी कशी झाली?

आणखी ऐका. बाल्तासारने पांढरीच्या मागच्या सीटखाली हात घातला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, ही शिवण कारखान्याची नाही, कुणीतरी नंतर घातली आहे, जमवणारे अशाला नाक मुरडतात. मी चष्मा लावला. खरंच. वीतभर शिवण, आणि टाके उजवीकडे झुकलेले.

आता गाड्या तुम्ही पुढून ओळखत असाल, मी मागून ओळखते, बसायच्या बाजूने. एकोणीस वर्षं सीटा शिवल्या आहेत. रेक्झिन फोमवर चढवलं की खाली वीतभर तोंड उघडं राहतं, ते शेवटी हाताने दाभणाने मिटवायचं. ते काम माझं. मी डावखुरी, माझे टाके डावीकडे झुकतात. पांढरी आली तेव्हा तिची मागची सीट मी मागून घेऊन स्वतः मिटवली होती, आपल्या गाडीत आपला टाका असावा म्हणून. मग हा उजवा टाका कुणाचा?

तुम्हाला मी ती गोष्ट कधी सांगितली का? त्र्याहत्तरच्या वसंतातली. आमची मुकादमीण विसितासिओन एक परत आलेली सीट घेऊन सगळ्या बायकांसमोर माझ्यावर ओरडली, ही कसली ढिली शिवण, पगार कापू का. मी सीट उलटी केली आणि म्हटलं, डोळे आहेत का मुकादमीणबाई? ही शिवण माझी नाही. माझी डावीकडे झुकते. ही कुणीतरी उसवून उजव्या हाताने परत घातली आहे. चाळीस बायका खो खो हसल्या. तिचं तोंड लहान झालं. मग कारखान्याचे पहारेकरी येऊन ती सीट घेऊन गेले, कुणी फोम चोरतंय म्हणाले, आणि संध्याकाळी तिने मला बदामाच्या लाडवांचा डबा दिला. आयुष्यात शाळेने नाही दिलं ते बक्षीस. रात्री जेवताना मी ही गोष्ट नकला करून सांगितली. पोरं हसून लोळली. अन्सेल्मो मात्र हसला नाही. चमचा खाली ठेवून बाहेर गेला. तो असाच, बायकोचं कौतुक पचायचं नाही.

आणि आता जे खरं विचारायचं ते. अन्सेल्मोच्या अंत्यविधीला कारखान्यातलं काळं कुत्रं आलं नाही. मला ठाऊक आहे का. त्याच त्र्याहत्तर साली, संपावर बंदी होती तेव्हा, तुमच्या नवऱ्याला, सेलेदोनियोला पोलीस घेऊन गेले, संपाची पत्रकं वाटतो म्हणून, अडीच वर्षं आत ठेवलं. आणि लोक म्हणाले, साधा कामगार स्पोर्ट गाडी फिरवतो ती कुणाच्या जोरावर? खबऱ्या आहे साहेबांचा. मेव्हण्याला विकलं. तो सुटल्यावर तुम्ही दोघं गावी निघून गेलात, मला न सांगता. मी झाडं विकल्याचे कागद दाखवत फिरले, कोण बघतो.

मी त्याला एकदाच विचारलं, तू सांगितलंस का? तो म्हणाला, "फर्मिना, कॉफी कर." चाळीस वर्षं मी त्या माणसाच्या पाठीकडे बघत झोपले आणि मला माहीत नाही मी कुणाशेजारी झोपले. वन्सं, मी सत्तरीची झाले. त्याच्या कबरीच्या दगडावर काय कोरायचं ते ठरवायचंय. खबऱ्या होता की नव्हता? तुम्हाला माहीत असेल तर सांगा. नसेल तर गाडी मिळणार नाही.

फर्मिना

*

ला मोरालेदा
३० मे २०१४

फर्मिना,

उशीर झाला. गुडघा सुजला होता.

मागच्या सीटची ती शिवण माझी आहे. एकदा माझ्या टाचेने रेक्झिन फाटलं, मी शिवून दिलं, तुला सांगायला विसरले. आत माझं काही आहे. बाईमाणसाचं, लाजेचं. उसवू नकोस. तुझ्या आईची शपथ घालते.

अन्सेल्मो चांगला भाऊ होता. दगडावर तेवढंच कोर.

आणि मुकादमीणीची ती गोष्ट आता कुणाला सांगत बसू नकोस. जुनी झाली. तिच्यात हसण्यासारखं काही नाही.

लेओकादिया

*

कोर्नेया
९ जून २०१४

वन्सं,

मी आठ वर्षांची असताना माझी आई मला दुसऱ्याच्या घरी धुणी धुवायला ठेवून गेली. तिच्या शपथेने मला काही होत नाही.

टाचेने सीटची वरची बाजू फाटते, खालची नाही. खोटं बोलायचं तर आधी सीट बघून बोलावं.

उसवली मी. गॅरेजचं दार लावून, माझ्याच जुन्या दाभणाने. लाजेचं म्हणता ते निघालं: पत्रकं. शंभरेक असतील, पिवळी पडलेली, निळ्या शाईची. सोमवारी काम बंद, अटक केलेल्या साथीदारांना सोडा. तारीख त्र्याहत्तरच्या एप्रिलची. सेलेदोनियोला नेलं तोच महिना.

आता मला सगळं कळलं. सेलेदोनियोची पत्रकं अन्सेल्मोच्या गाडीत कशी आली? त्याने चोरली. साहेबांना दाखवायला. काही दाखवली, उरलेली लपवली. तुम्हाला कळलं, तुम्ही भावाला सांभाळून घेतलं, सीट शिवून दिली. नवरा तुरुंगात आणि तुम्ही भावाच्या पापावर टाके घालत बसलात. आणि मरताना त्याने गाडी तुमच्याकडे पाठवली, म्हणजे बायकोच्या हाती लागू नये. म्हणून पांढरी. म्हणून धुऊ नकोस, झाडू नकोस.

घाण सतरंजीखाली सारणारी बाई मी नाही. ऑक्टोबरात कारखान्यातल्या निवृत्त लोकांचं जेवण असतं. आम्हाला कधी बोलावलं नाही. या वर्षी मी न बोलावता जाणार आणि उभी राहून सांगणार: तुमचं खरं होतं, माझा नवरा खबऱ्या होता. निदान एकदा तरी या घरातून कुणीतरी खरं बोललं असं होईल. मग दोन्ही गाड्या बाल्तासारला देऊन टाकीन आणि बसने फिरेन.

दगड कोरा ठेवणार आहे.

फर्मिना

*

ला मोरालेदा
१६ जून २०१४

फर्मिना,

जाऊ नकोस. आधी हे वाच. बसून वाच.

पत्रकं सेलेदोनियोच कारखान्यात आणायचा. तो सीट बसवायच्या लाइनवर होता. तयार सीटची खालची शिवण उसवायचा, आत पत्रकं घालायचा, परत शिवायचा. सीट आपोआप पुढच्या विभागात जायची, तिथला माणूस काढून घ्यायचा. सहा महिने अन्सेल्मो सोडून कुणाला पत्ता लागला नाही. शिवायला मीच शिकवलं होतं त्याला. आम्ही दोघं उजव्या हाताचे. तुझा टाका कुठे झुकतो हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

एक सीट दुसऱ्याच कुठल्या खोडीमुळे तुमच्या विभागात परत गेली. पुढचं तू स्वतःच्या हाताने मला लिहिलं आहेस, दोन एप्रिलच्या पत्रात. फोम चोरणारा नव्हता, फर्मिना. त्यांनी सीट उघडली आणि लाइनवर पाळत ठेवली.

तू जेवताना नकला केल्यास आणि अन्सेल्मो चमचा ठेवून उठला, तो थेट आमच्याकडे आला. सेलेदोनियोला म्हणाला, सीटचं बंद कर, त्यांना कळलंय. सेलेदोनियोने विचारलं, तुला कसं कळलं? तो गप्प. परत विचारलं, कोण बोललं? तो गप्प. तुझं नाव घेतलं असतं तर त्या दिवसांत लोकांनी तुला जिन्यावरून खाली लोटलं असतं, आणि तू तर काही जाणून केलं नव्हतंस. सेलेदोनियो त्याच्या तोंडावर थुंकला. म्हणाला, साहेबांच्या माणसालाच आधी कळणार. त्याने सीटचं बंद केलं नाही, आणि दोन दिवसांनी त्याला नेलं. लोकांनी जे खबऱ्या म्हटलं ते त्या गप्प बसण्याला.

अटकेनंतर घरोघर झडत्या सुरू झाल्या. माझ्या पलंगाखाली गठ्ठा होता. अन्सेल्मो म्हणाला, माझ्या गाडीत टाक, साहेबांच्या माणसाची गाडी कोण तपासणार. तेव्हा त्याने मला खरं सांगितलं आणि तुला सांगणार नाही असं वचन घेतलं. सीट मी शिवली. नंतर काढू म्हणालो, पण मी गावी निघून आले आणि तो म्हणायचा, उसवली तर परत शिवायला फर्मिनालाच सांगावं लागेल, आणि तिला टाका दिसेल. म्हणून राहिली ती तशीच.

एक्याऐंशीत त्याने जुनी पिवळी घेतली तेव्हा मला लिहिलं होतं, लोक मला काळतोंड्या म्हणतातच, निदान गाडी तरी शोभेशी घेऊ. तुला वाटलं तुझ्या वाढदिवसासाठी. दोन्ही खरं असेल.

मी गावी न सांगता आले कारण तुझ्याकडे बघवत नव्हतं. तीन वर्षं तुझं नाव घेतलं नाही. मग रागाचाही कंटाळा येतो. सेलेदोनियो मात्र मरेपर्यंत अन्सेल्मोलाच शिव्या देत राहिला आणि मी वचन पाळत ऐकत राहिले. ते माझं पाप. गेल्या वर्षी अन्सेल्मो आला तो त्याच्या कबरीवर जायला आला होता. तिथे अर्धा तास उभा राहिला. तिथेही काही बोलला नाही.

आता गाडीचं काय करायचं ते तू कर. मला काही नको.

लेओकादिया

*

कोर्नेया
२० ऑक्टोबर २०१४

वन्सं,

चार महिने लिहिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल मेले. नाही. माझ्यासारख्या बायका लवकर मरत नाहीत, ते काम आम्ही दुसऱ्यांना लावतो.

जूनपासून मी त्या लाडवांच्या डब्याचा विचार करत होते. पत्र्याचा होता, झाकणावर गाढव. अजून त्यात मी सुया ठेवते. एक्केचाळीस वर्षं. सुया काढून डबा कचऱ्यात टाकला, मग परत काढून आणला. टाकून काय होणार, डब्याचा काय दोष.

अन्सेल्मोवर मी आधी रागावले. मला कॉफी करायला सांगितलं त्याने. एक वाक्य बोलला असता तर मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं असतं. म्हणूनच बोलला नाही, एवढं कळतं मला. पण त्याने मला न विचारता माझं ओझं उचललं आणि मी चाळीस वर्षं त्याच्याच खांद्याकडे बघून म्हणत राहिले, हा वाकडा का चालतो.

काल ते जेवण झालं. मी गेले. पिवळी घेऊन गेले, स्वतः चालवत. नात म्हणाली टॅक्सी करू, मी म्हटलं आज काळं तोंड घेऊनच जायचं आहे. थोबाडाला ऑलिव्हचं तेल चोळून घेतलं होतं, चकाकत होतं. दारात जुने लोक आधी गाडीकडे बघून हसले, मग माझ्याकडे बघून आत वळले.

भाताची कढई आली तेव्हा मी उभी राहिले. भाषण मला येत नाही. मुकादमीणीची गोष्ट सांगितली, तशीच, पण नकला न करता. शेवटी म्हटलं, अन्सेल्मोने कुणाला विकलं नाही. तोंड त्याचं बंद होतं. उघडं होतं ते माझं.

 सातुर्निनो, जो लाइनवर तुमच्या सेलेदोनियोच्या शेजारी असायचा, आता काठीशिवाय उठत नाही, तो म्हणाला, "म्हणजे चाळीस वर्षं आम्ही त्याच्याशी बोललो नाही ते?"

मी म्हटलं, "ते तुमचं तुम्ही बघा. मी माझं सांगायला आले."

एक बाई म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं ना गं." दुसरी म्हणाली, "हिला नेहमीच आपली हुशारी दाखवायची असायची." दोघींचं बरोबर आहे. भात मला कुणी वाढला नाही, मी माझा वाढून घेतला. खारट होता.

आज सकाळी पाववाल्याकडे दोघींनी माझ्याकडे पाठ केली. बरं वाटलं. योग्य माणसाकडे पाठ झाली एकदाची. दुपारी कबरीवर गेले तर कुणीतरी आधीच येऊन लाल कार्नेशनची फुलं ठेवून गेलेलं. प्लॅस्टिकची. कंजूष लेकाचे. पण ठेवली. दगडावर त्याचं नाव कोरून घेतलं आहे आणि खाली 'गप्प राहिला'. दगडवाल्याने दोनदा विचारलं, एवढंच का? एवढंच.

पत्रकं मी सेलेदोनियोच्या नावाने त्या निवृत्त मंडळींकडे दिली. काचेत लावणार म्हणतात. एक माझ्याकडे ठेवलं, गाढवाच्या डब्यात.

आता तुमची स्पोर्ट. बाल्तासार पांढरीवर डोळा ठेवून होता, मी सांगितलं ती वन्संची आहे, मृत्युपत्रात लिहिलंय. शुक्रवारी तुमचा ट्रकवाला घेऊन निघेल. धुतली नाही, झाडली नाही. तुम्ही म्हणालात तशीच. मागची सीट तेवढी उसवलेली होती ती मिटवली. बाल्तासार म्हणाला जमवणाऱ्यांसाठी मशीनवर सरळ करून देतो. मी म्हटलं, हात लावू नका.

गाडी पोहोचली की गुडघा सांभाळून वाका आणि सीटखाली बघा. टाके डावीकडे झुकलेले दिसतील. कुणी विचारलं तर सांगा, ही शिवण फर्मिनाची आहे.

फर्मिना